उरेब

"सरळ कापलंस तर गळ्याला वळणार नाही,"
इलाही मास्तर म्हणायचे
कात्रीला.
मला थेट काही म्हटल्याचं आठवत नाही.

मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान.
शेजारच्या ओट्यावर सतारीचे भोपळे वाळत,
दिवसभर कुणीतरी एकच तार पिळत बसलेलं,
आत दोन मशिनी, एक टेबल, ब्लाउजांची चळत,
आणि बेडगहून एस.टी.नं येणारी मी,
सतरा वर्षांची, हाताला घाम.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी कापडाचा कोपरा उचलून
समोरच्या काठाला टेकवला.
घडीवर खडूची रेघ.
"हा उभा धागा. हा आडवा.
दोन्ही विणकरानं घातलेत.
ही वाट त्यानं घातली नाही,
तरी हाय बघ की."
पट्टी कापली, दोन बोटांत ओढली,
ताठ पॉपलीन, रबरागत लांबलं.
"उरेब," मास्तर टेबलाला म्हणाले.

मी वहीत लिहिलं, उरेप.
मग खोडून, ब.

तिरपं, तिरकं मला ठाऊक होतं.
पत्र्याच्या भोकातून चुलीवर पडणारी तिरीप,
आत्याचं तिरकस बोलणं,
तिरळ्या नजरेचा आमचा कंडक्टर,
ज्याला सुटे कोण मागतंय ते कधी कळायचं नाही.
शाळेत बाई म्हणायच्या, तिर्यक् म्हणून एक संस्कृत आजोबा आहेत,
तिरक्या माणसांनी त्यांचं नाव लावावं.
उरेब त्या घरातला नव्हता.
तो लांबचा. कुठल्याशा फौजेबरोबर
तंबू शिवणाऱ्याच्या सुईत ओवून आला,
हे मास्तरांचं म्हणणं.
वाचनालयातल्या जाड कोशात नुसतं 'फारसी' होतं,
फौज नव्हती, तंबू नव्हता.

सुरतेचा एजंट छातीवर हात ठेवायचा,
"माल में कोई औरेब नहीं."
तिकडं म्हणे त्याचा अर्थ कपट.
मास्तरांनी दोरा दातांनी तोडला.
"वाटेत शब्दाच्या अंगाला
लोक काय काय पुसतात,"
हे दोऱ्याच्या रिळाला.

एकदा मालगावच्या एका नवरीचा खण
मी दोन बोटं आखूड कापला.
मास्तरांनी खण बघितला, मग वर बघितलं.
"पंखा लई जोरात हाय. खडू हलतो."
संध्याकाळी उरल्या चिंध्यांच्या उरेब पट्ट्या जोडून
बाह्यांना अशी गोट फिरवली
की नवरीच्या दोघी बहिणी
तसलंच शिवा म्हणत आल्या.
त्या रात्री एस.टी.त
मी खिडकीकडं तोंड करून रडले.

घेर उरेब असला की खालची कड लगेच मारायची नाही.
परकर खिळ्याला रात्रभर टांगायचा.
कापड आपल्याच वजनानं उतरतं,
कुठं दोन दोरे, कुठं बोटभर.
सकाळी मग कात्री.
कुणाचं बोलणंही मला असंच उशिरा उतरायचं.

नवव्या वर्षी, पावसाळा संपता संपता,
मास्तर खिडकीपाशी सुई धरून उभे.
"कंपन्या हल्ली
सुईचं भोक बारीक पाडायला लागल्यात."
मी काजं करत राहिले.
दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले,
सात सुया ओवल्या,
पांढरा, काळा, दोन लाल, मोरपंखी, मोतिया, हळदी,
आणि उशीत टोचून ठेवल्या.
मास्तर आले. उशीवरून बोट फिरवलं.
"सुधारली म्हणायची कंपनी."
रोज सात. कधी आठ.
ह्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मग एका सोमवारी त्यांचा मुलगा आला,
हातात किल्ली,
"अब्बा म्हणाले, कुलूप जड झालंय."

मशिनींवर कपडा झाकलेला होता,
पलीकडं तार अजून पिळत होते, लागत नव्हती.
मी किल्ली घेतली.
कुलपाला म्हटलं,
तेल घालते.