कौल, खानापूर

पहिल्या दिवशी मी नुसतं 'कौल' टाकलं.
आले ते निवडणुकीचे निकाल,
कुठल्यातरी काश्मिरी आडनावाची माणसं,
आणि एका देवळातला व्हिडिओ:
देवाच्या अंगाला चिकटवलेल्या ओल्या पाकळ्या,
गुरव गाऱ्हाणं घालतोय,
खाली सगळे श्वास धरून, उजवी पडते की डावी.
भाजलेल्या मातीचं, घरावर घालायचं आमचं कौल
सतराव्या पानापर्यंत कुठंच नव्हतं.
अठरावं मी उघडलं नाही.

भट्टी आता वर्षातून दोनदाच पेटते.
बाबा म्हणाले, वेबसाइट करून सोडलीस न्हवं,
मग येतील की लोक.
करून सोडली, खरं
रानात दुकान घातल्यागत झालंय, म्हटलं मी.

टिळकवाडीचा ईराण्णा, पॉलिटेक्निकला माझ्या बाकावर होता,
हिशेब कन्नडात करतो, वैतागतो मराठीत.
म्हणाला, अगं, ते मशीन तुझ्या कौलावर
बोट वाजवून बघत नाही.
तुझं नाव कोण कोण घेतंय, तेवढंच बघतंय.

कोण घेणार?
लोंढ्याचा सुतार घेईल, नंदगडचा वीटवाला घेईल,
त्यांचं स्वतःचंच नाव तिथं नाही.
जांबोटीच्या एका होमस्टेवाल्यानं घेतलं,
बदल्यात दोनशे कौलं मागितली. पन्नासवर मिटलं.

मग शब्द.
बेळगाव, बेळगावी, बेळगाम, इंग्रजीतली दोन स्पेलिंगं,
ज्यांच्यापायी पाट्यांना डांबर फासलं गेलं
ती सगळी मी एका ओळीत शेजारी शेजारी बसवली.
कुणी कुणाला काही बोललं नाही.
खाली कौल, कवल, हंचु, नळीची, मंगळुरी.

ही कुणाला दिसणार? बाबांनी विचारलं.
माणसाला नाही. आतल्या बाजूला असतात. मशीन वाचतंय.
ते हसले.
उठून शेडमधून एक जुनं कौल आणलं, उलटं केलं,
धोतराच्या सोग्यानं पुसलं.
पोटावर उठलेली अक्षरं:
बिर्जे अँड सन्, खानापूर.
आमचंपण आतल्याच बाजूला, म्हणाले.
माळ्यावर आजारी पडलेला माणूस वाचणार,
नाहीतर मांजर.

आजोबांना मुलगे तीन.
साचा कोरणाऱ्यानं उलटी अक्षरं कोरत कोरत
शेवटाला जागा संपवली, 'स' बसलाच नाही.
चाळीस वर्षं प्रत्येक कौलावर एकच मुलगा.
हे पण घाल, बाबा म्हणाले. आहे तस्संच घाल.
चूक आहे ती.
असू दे की.

घातलं. महिने गेले.
ईराण्णा म्हणायचा, थांब, नवीन आहेस, ओळख व्हायला वेळ लागतोय.
मी रोज सकाळी चहाआधी स्वतःलाच शोधायचे,
तर तोही म्हणाला, असं करू नको,
तूच शोधतेस नि तुलाच वाटतंय वर आलीस.

गुरुवारी वाळपईहून फोन.
माणूस शिडीवरच होता, आवाजाला वारा लागत होता.
वानरांनी बारा कौलं फोडली म्हणाला, ह्या मापाची कुठं मिळत नाहीत,
एक उलटून बघितलं
नि जे लिहिलंय ते तसंच्या तसं टाकलं मोबाइलवर.
पहिलंच तुमचं आलं.
पहिलंच काय, एकच आलं.

मग थोडं थांबून:
ते सन् म्हणजे तुमचे वडील का?
मी म्हटलं, हो.
मग म्हटलं, आता मी.

बारा कौलांसाठी भट्टी पेटवत नाहीत.
बाबा तरी शेडमध्ये गेले, साचा हुडकत,
दारातनं मागं वळून विचारलं, उजवी पडली म्हणायची काय?

नुसतं 'कौल' टाकलं तर
अजून निवडणुकाच येतात.