माया

आखाजीला अकरा दिवस उरलेत
आणि दोरीवर सत्तावीस ब्लाऊज.
गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी यायच्यात,
प्रत्येकीची बाही वेगळी,
गळा मागून खोल, पण सासरी चालेल एवढाच.

मशीन दाराशी, कारण उजेड तिथंच.
पाठीमागे तीन पावलांवर गॅस.
डाळीला फोडणी बसली की आधी मी शिंकते,
मग शेवंताबाईंच्या अस्तरात
लसणाचा वास मुक्कामाला.
मागच्या बाजारी त्याच म्हणाल्या,
"तुनं शिवेल पोलकं घालं का भूक लागस, माय."
हसल्या, मीही हसले,
पैसे त्यांनी पुढच्या बाजारावर टाकले.

सुकलाल, जिनिंग चालू असते तोवर,
भुवयांत कापूस घेऊन घरी येतो.
चैत्र लागला की जिनिंग बंद,
मग तो पंख्याकडे बघतो
आणि पंखा त्याच्याकडे, लाईट असली तर.
परवा रात्री साडेअकराला
दाराला कडी घालून म्हणाला, "आण इकडे, हुक मी लावतो."
कडी कशाला, मी विचारलं नाही.
गठाणी उचलणारी बोटं ती,
त्यात सुई कुठं गेली तेच दिसेना.
सहा हुक लावले, सहाही उलटे.
तो झोपल्यावर मी उसवले,
सकाळी म्हटलं, छान बसलेत.
हुकांच्या दोऱ्याचा रंग बदललेला
त्याला दिसला असणार.
काही बोलला नाही.
रात्री पुन्हा कडी घातली.

यामिनी चौथीत. नवाचा पाढा
कापायच्या फळीवर माझ्याच खडूनं लिहिते,
आणि माझ्या एका कटोरीवर
नव्वे एक्क्याऐंशी उमटून येतं.
राणी कलरचा दोरा आण म्हटलं तर गाजरी आणते,
पण मापं ती नीट लिहिते.
मी टेप धरायचा, आकडा मोठ्यानं सांगायचा,
तिनं वहीत मांडायचा.

काल केवळबाई आल्या.
पुतणीचं लग्न आहे, हिरवं पोलकं हवं.
दर पंधरवड्याला नाशिकची गाडी धरतात त्या,
कशासाठी, ते गल्लीत सगळ्यांना माहीत
आणि कुणी विचारत नाही.
दिवाळीच्या पानावर छाती अडतीस.
मी टेप फिरवला. टेप पुढं आला,
अजून पुढं आला.
"किती?" यामिनीनं पेन उघडून विचारलं.
मी टेप गळ्यात टाकला.
"लिही, मागचंच."
केवळबाईंनी पदर सारखा केला,
भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिल्या.

रात्री त्यांचं हिरवं कापड फळीवर घेतलं.
कापलं अडतीसचं,
शिवलं जिथं अंग आहे तिथं,
उरलेलं दोन्ही कुशींत आत दुमडून
लांब टाक्यांनी धरून ठेवलं,
ब्लेड लावलं की सुटेल असं.
यामिनी जागीच होती.
"एवढं कापड आत कशाला? दिसत तर नाही."
"त्याला माया म्हणतात."
"किती ठेवायची असते?"
"दीड बोट."
तिनं स्वतःची बोटं कुशीत घालून पाहिली,
चार गेली, तरी जागा उरली.
मला म्हणाली, "चुकलं ना तुझं?"
मी म्हटलं, झोप आता.

लाईट गेली.
मोटरचा पट्टा काढून पायावर घेतलं मशीन,
खोलीत चोपड्याचं दिवसभराचं ऊन अजून बसलेलं.
ओट्यापाशी अंधारात सासूबाई पुटपुटताहेत,
"भाकर थंडी व्हई गई, ऊठ आते."
गरम भाकरी, या उन्हाळ्यात,
कुणाला हवी आहे देव जाणे,
पण त्या सांगतात, रोज सांगतात.
सुकलालनं मोबाईलची बॅटरी सुईवर धरलीय,
हात अवघडला की खांदा बदलतो.

शिरपूरला आई झोका बांधून ठेवील.
माझी पिशवी खुंटीवर आहे,
तिच्यात अजून फक्त यामिनीचा एक फ्रॉक,
तोही लांडा झालेला, खालची पट्टी सोडायची राहिलीय.
सत्तावीसातले नऊ झाले.
हिरवं धरलं तर दहा.