डावीकडचं

मादाम ऑबेर्तँ यांनी ते आणलं
जुन्या लोकरी दुपट्यात गुंडाळून.
"उजवं दिजोंला, भावाकडे," म्हणाल्या.
"वाटणीत एकेक आलं. बोलणं नाही आमचं."

दिव्याखाली ठेवलं.
वीतभर उंचीचं पोर, उघडंनागडं,
दोन्ही तळवे धरून बसलेलं एका कलशावर
ज्याच्या तोंडून ब्राँझच्या ज्वाळा निघतात,
अडीचशे वर्षं, न विझता,
पोराला जराही ऊब न देता.
खाली मेंढ्यांची मुंडकी,
शिंगाशिंगांतून ओवलेली पानांची माळ,
खाचांत हिरवा कळंक.

इथे याला शने म्हणतात, कुत्र्याचं पिल्लू:
आगीपुढे अंग टाकून लाकडं राखणारं.
लाकडं खरं तर मागचा लोखंडी दांडा पेलायचा.
तो कधीच भंगारात गेला.
त्याला कुणी मुलामा दिला नव्हता.

काजळी निघाली तसं सोनं आलं,
पोटऱ्यांवर मंद, सायीसारखं,
ज्वाळांच्या कडांवर अकीक घासून चेतवलेलं.
सोनं पाऱ्यात कालवायचे तेव्हा,
लोण्यासारखं माखून निखाऱ्यांवर धरायचे.
पारा उडून जायचा.
कुठे जायचा?
हिरड्यांत. बोटांत.
चाळिशीच्या आत
चमचा तोंडापर्यंत न्यायला बायको लागायची.

उलटं केलं तर आत, कुणी बघणार नाही अशा जागी,
जोडीची खूण ओरखडलेली:
दोन रेघा सरळ.
तिसरी थरथरत गेलेली, तरी शेवटाला पोचलेली.

"एकट्याचे फार येणार नाहीत," मी म्हटलं.
त्या पोराच्या तळव्याला बोट लावून बसल्या होत्या.
"उजवीकडे मुलगी आहे. शाल ओढून घेते अंगावर.
लहानपणी ठरलेलं: हा तो, ती मी.
वाटणीत नेमकं उलटं आलं.
वकिलाला काय कळणार."

पावती लिहिली. साफ करणे, डावं, एक.
नवा मुलामा देऊ नये.
त्या हातमोजे चढवून उठल्या,
दारापर्यंत गेल्या,
आणि हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाल्या,
"त्या खुणेचा ठसा मिळेल का कागदावर?
पाकिटात मावेल एवढा."

पातळ कागद धरून मी पेन्सिल फिरवली.
दोन रेघा लगेच उमटल्या.
तिसरीला
वेळ लागला.