वाटीचे टाके

जनावरांच्या दवाखान्यातून वाटीला आणली
मुख्तारच्या रिक्षात, पोत्यावर आडवी.
जीभ एका बाजूला लोंबलेली,
डोळे उघडे, पण त्यांत मी नव्हते.
उदगीरच्या रस्त्याला खड्डा आला
की मुख्तारच "या अल्ला" म्हणायचा
आणि आरशातून मागं बघायचा.

डॉक्टरीण पोरगीच होती, माझ्या पुतणीएवढी.
म्हणाली, पिशवीत पू झाला होता, काढली पिशवी.
दहा दिवस पायऱ्या नाहीत, उडी नाही,
टाके चाटू द्यायचे नाहीत.
आणि मावशी, जवळ माणूस पाहिजे तिच्या.
हे शेवटचं तिनं चिठ्ठीवर लिहिलं नाही,
हात धुता धुता बोलली.

घरी येऊन पोटावरचा फडका उचलला.
चौतीस वर्षं ब्लाऊज शिवते मी,
टाका बघितल्याशिवाय राहवत नाही.
अकरा टाके. काळा दोरा. गाठ पक्की.
चौथा न् पाचवा जरा लांब पडलेत,
पण तिचं कापड श्वास घेत होतं हाताखाली,
माझं कधी हललं नाही.
मनातल्या मनात पास केलं पोरीला.

गळ्यात घालायचा कर्णा
मेडिकलवाल्यानं सातशेला सांगितला.
मी रंगाची रिकामी बादली घेतली,
बूड कापलं, कडेला पायपिंग लावली
बिडवेबाईंच्या जांभळ्या ब्लाऊजमधनं उरलेली.
"बादलीत वाटी!" शमशाद आपा दारातनंच हसली,
मग कोंबडीचं पाणी ठेवून गेली,
बिनमिठाचं, बिनमिरचीचं.

पहिल्या रात्री लाइट गेली. एप्रिल.
ती कण्हत नव्हती, नुसती थरथरत होती.
मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसले.
चमच्यानं पाणी: अर्धं तिच्या तोंडात,
अर्धं माझ्या मांडीवर.
पोत्यावरच शू झाली तिला,
तर बादलीसकट तोंड भिंतीकडं फिरवलं.
अगं, त्यात काय लाजायचं, म्हटलं मी,
आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

माझीही काढली होती. तेरा वर्षं झाली.
लग्नसराई होती, आठव्या दिवशी पाय पायडलवर.
बळजबरी कुणी केली नाही, खोटं कशाला बोलू.
बायका ब्लाऊजपीस घेऊन दारात उभ्या होत्या
आणि घरात सगळे म्हणाले, आता बरी दिसतीस.
एक टाका उसवला.
टॉवेल बांधून चाळीस ब्लाऊज शिवले,
एकाचीही उंची चुकली नाही.

गोळी भाकरीत दिली: भाकरी गेली, गोळी बाहेर.
गुळात दिली, पिठल्यात दिली,
शेवटी खव्यात गेली.
पाव किलो खवा आणला गोळ्यांपुरता.
एक घास तिला, एक मला,
गोळी नसतानासुद्धा.

दुकानावर खडूनं लिहिलं,
"काम बंद. वाटी आजारी आहे."
एकीनं विचारलं, वाटी कोण?
म्हटलं, घरातली.

चौथ्या दिवशी सिलिंडरवाला आला
आणि वाटी भुंकली.
बादलीत आवाज असा घुमला
की तीच दचकून खाली बसली,
आणि माझ्याकडं बघितलं,
जणू मीच भुंकले होते.

दहाव्या दिवशी पोरीनं टाके काढले,
कच्च, कच्च, अकरा वेळा.
बादली उलटीसुलटी करून म्हणाली,
पायपिंग कुणी लावली? भारी आहे की!
परत आलो तर रिक्षा थांबायच्या आत
वाटीनं उडी मारली.
मुख्तार ओरडला. मी नाही.

बादली मापाच्या टेपशेजारी खुंटीला टांगली.
दुपारी मशीनचं झाकण काढलं,
सुईत दोरा ओवला,
मग झाकण परत घातलं
आणि फरशीवर तिच्या शेजारी आडवी झाले.
बाहेर कुणीतरी कडी वाजवत होतं.
वाटीनं एक कान उचलला,
मी तोसुद्धा नाही.