सॅम्पलचा डबा

तळहाताएवढा कॉम्प्युटर
बसवला पत्र्याच्या डब्यात,
सांगलीच्या यार्डातून हे सॅम्पल आणायचे, तोच.
राजापुरी हळदीचा.
झाकणाला खिळ्यानं चार भोकं, हवा खेळायला.

पहिल्या रात्री नुसता काळा पडदा.
कार्ड पुसलं, पुन्हा भरलं. काळाच.
शेजारची सन्मती म्हणाली,
"काकू, केबल पलीकडच्या भोकात घाला की."
घातली.
निळा उजेड पडला भिंतीवर,
पुराची रेघ अजून दिसते तिथवर.

कॅसेटी सगळ्या त्या पाण्यात गेल्या.
एक माळ्यावर होती, तीही अर्धी.
मिरजेच्या एका पोरानं उतरवून दिली.
लावली.
मुंग्याच मुंग्या, मग अंगण, मग पाट,
पाटावर मी, एकोणीस वर्षांची, अंग चोरून,
आणि कितीतरी हात माझ्या गालांकडे.
आवाज नाही.
सेटिंगमध्ये शोधत बसले,
हे खोलून, ते मिटून.

तोवर डबा तापलेला.
भोकांतून वास यायला लागला
हळदीचा.

हे असते तर चिमूट चोळून म्हणाले असते,
माल जुना आहे, पण भेसळ नाही.

सन्मती म्हणते, आत पंखा बसवा, जळेल अशानं.
बसवू.