चार हजार हर्ट्झ

कॅनडा कॉर्नरला, दुसऱ्या मजल्यावर
मी लोकांचे कान मोजते.
काचेच्या खोलीत माणूस, हातात बटण,
ऐकू आलं की दाबायचं.
काही जण ऐकू न येताही दाबतात, लाजेनं.

दिगूकाका तांबट लाजले नाहीत.
पंचेचाळीस वर्षं तांबट आळीत हातोडी;
आलेख बरा चालत आला
आणि चार हजारावर विहिरीत पडला.
"म्हणजे गेलं काय काय?"
म्हटलं, चिमण्या, घड्याळाचा गजर,
बोलण्यातला स.
"स गेला तरी चालेल," म्हणाले,
"बायकोचं नाव इंदू आहे."

मग मोबाइलमध्ये हंडा दाखवला.
शेवटचा. हातानं मठारलेला,
पोटभर ठोके, एकाला एक लागून,
माशाच्या खवल्यांसारखे.
मी तो मागून घेतला. का, ते विचारलं नाही त्यांनी.

रात्री सिडकोत, पंखा बंद करून
(फोटो ऐकायचा तर पंखा चालत नाही)
हंडा बीएमपीत उतरवला
आणि गाणी कापायच्या सॉफ्टवेअरला खोटं सांगितलं
की हा आवाज आहे.
त्यानं मानलं. फार भोळं असतं ते.

सुरुवातीचा इवलासा तुकडा सोडायचा.
तिथं फाइल आपलं नाव-गाव सांगते,
त्याला धक्का लागला की चित्र दारच उघडत नाही.
हे मला मेलेल्या तीन फाइलींनी शिकवलं.
बाकी सगळं आपलं:
इको दिला तर भावाच्या वरातीतला घोडा
सात वेळा सरकून नवरदेवाच्या अंगात घुसतो,
रिव्हर्ब दिला तर मांडवाला धुकं येतं.
आई म्हणते, चांगले फोटो नासवतेस.

हंडा मात्र आधी नुसता ऐकला.
अशा फाइलीत चित्र खालून वर वाजतं,
दुतोंड्या मारुतीला पूर चढतो तसं:
आधी फरशीची खरखर,
मग हंड्याचा बूड, कंबर, छाती,
तिथं एक किरकिरी लय, दाट,
मग गळा, मग मागच्या भिंतीची एकसुरी घूं.

काकांचा आलेख मांडीवर घेतला.
त्यांच्या कानात जसा खड्डा होता
तसाच इक्वलायझरमध्ये खणला.
तसा हिशेब खोटाच.
फोटोतले चार हजार आणि कानातले चार हजार
एकमेकांना ओळखतही नाहीत.
मी मापं घेणारी बाई, मला कळतं ते.
तरी.

उघडलं.
भिंतीवर हिरवे पट्टे आले, काठ जरा विरघळला,
हंडा जागेवर होता.
ठोके नव्हते.
पोट गुळगुळीत, साच्यातून काढल्यासारखं.

गुरुवारी काका मशीन बसवायला आले.
मी प्रिंट पुढे केली.
हात लांब करून त्यांनी बराच वेळ पाहिली.
"हा माझा नाही. प्रेसवरचा आहे."
म्हटलं, तुमचाच, काका.
"मी काय आंधळा आहे? बहिराय मी."

मग चष्मा वर ढकलून काठाशी वाकले.
तिथं तीन डाग उरले होते, वेडेवाकडे,
फिल्टरला न सापडलेले.
"हे माझे," म्हणाले.
"इथं हातोडी तिरकी बसली होती.
इंदू जेवायला हाक मारत होती."

मी कानात मशीन बसवलं, आवाज हळूहळू चढवला.
खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं.
एसी. माझी खुर्ची.
काकांचा अंगठा कागदावरच्या त्या गुळगुळीत पोटावरून
फिरत होता, सवयीनं,
कुठं खोलगट लागतं का बघत.

ते थांबले. इकडेतिकडे पाहिलं.
"हे स्स स्स काय वाजतंय?"

मी अंगठ्याकडे बोट केलं.
त्यांनी तो पुन्हा ओढला,
या वेळी सावकाश.