वॉरंटी विभागास, व्हेंट्स्पिल्सहून

मॅडम,
बिलाचा फोटो जोडलाय. सिरीयल नंबर पुसट आहे,
शेवटचा आकडा तीन किंवा आठ.
तुम्ही सांगितलं ते सगळं केलं:
ड्रायव्हर पुन्हा टाकला, गेन उतरवला,
शिडी लावून अँटेनाची केबल काढली,
टोकातून पाणी निघालं, चमचाभर.
तरी पडद्यावरचा धबधबा पिवळा तो पिवळाच,
आणि खरखर,
कुणी रात्रभर करपलेला तवा घासतंय अशी.

मंगळवारी वादळात वीज गेली.
लॅपटॉप बॅटरीवर होता.
धबधबा एकदम निळा झाला
आणि तळातून दोन कोळी बोलू लागले,
बहुतेक गोटलंडकडचे.
भाषा कळली नाही, कंटाळा कळला.

वीज आली. तवा आला.
मग घरभर एकेक प्लग उपटत गेलो.
खिडकीत टोमॅटोची रोपं,
फेब्रुवारीत त्यांना ऊन म्हणून
मीच लावलेला जांभळा दिवा.

वेल्टा म्हणते, रोपं की रेडिओ, ठरव एकदा.

तेव्हा यंत्र पाठवत नाही.
फक्त तुमच्या फॉर्मवर
‘दोष कोठे आढळला’ हा रकाना सक्तीचा आहे,
तिथे काय लिहू, कळवा.
अकरा ते बारा आमच्याकडे
टोमॅटोंची रात्र असते.

इल्ग्वार्स